ट्रॅक टाकताना ग्राउंड फाटू देऊ नका

दोन लेअरच्या सर्किट बोर्डावर (पीसीबीवर) खालचा लेअर ग्राउंडसाठीच, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेसाठीच आहे, असं ट्रॅक (तांब्याच्या रेषा) टाकायच्या आधीच ठरवून घ्या. नवशिके बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना ट्रॅक टाकत सुटतात आणि उरलेल्या जागेत शेवटी ग्राउंडचा झोन (तांब्याचा सलग भराव) भरतात. डीआरसीत (सॉफ्टवेअरच्या नियम-तपासणीत) एकही चूक निघत नाही, तरी बोर्ड त्रास देतो. वेगवान सिग्नलचा परतीचा करंट त्याच ट्रॅकच्या बरोबर खालून येऊ पाहतो. तिथे एखादा लांब आडवा ट्रॅक ग्राउंड चिरत गेला असेल, तर करंटला वळसा पडतो आणि तेवढं लूप अँटेनासारखं वागतं.

किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स की दाबून ट्रॅक सुरू होतो, मधेच व्ही दाबून व्हाया (दोन लेअर जोडणारं छिद्र) पडतो. आधी १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आयसीच्या सप्लाय पिनला अगदी खेटून बसवा, त्यांच्या ग्राउंड टोकाशी लगेच व्हाया द्या. मग क्रिस्टल (क्लॉक देणारा भाग), यूएसबीच्या दोन ट्रॅकची जोडी, पॉवर यांचे ट्रॅक टाका. संथ सिग्नल सर्वांत शेवटी. खालून जावंच लागलं तर पाच-सहा मिमीत पुन्हा वर या. सिग्नलला ०.२५ मिमी रुंदी पुरते. ३५ मायक्रॉन तांब्याच्या बाहेरच्या लेअरवर १ अँपिअरला साधारण ०.३ मिमीत १० अंश तापमानवाढ होते. जागा असेल तर पॉवरला १ मिमी द्या, इथे काटकसर नको.

झोन काढताना नेट (जोडणीचं नाव) जीएनडी, म्हणजे ग्राउंडच निवडलंय ना, ते बघा. नाहीतर तांबं भरलेलं दिसतं, पण कशालाच जोडलेलं नसतं. ट्रॅक सरकवला की बी दाबून झोन पुन्हा भरा. जुनाच भराव गर्बर फाइलमध्ये (बोर्ड बनवायला पाठवायच्या फाइलमध्ये) गेला तर थेट शॉर्ट. ग्राउंड पॅडला थर्मल रिलीफ (पॅड झोनला फक्त बारीक दांड्यांनी जोडणं) राहू द्या, नाहीतर सगळी उष्णता झोन ओढून घेतो आणि सोल्डर नीट वितळत नाही. मात्र चारपैकी तीन दांड्या शेजारच्या ट्रॅकनी तोडल्या असतील, तर ट्रॅकच हलवा.

शेवटी बाकीचे लेअर लपवून फक्त खालचं तांबं बघा. ओळीने खेटून टाकलेल्या व्हायांचे क्लिअरन्स (भोवती सोडलेली रिकामी जागा) एकमेकांत मिसळून लांब फट तयार झालेली दिसेल. प्रत्येक दोन व्हायांमधून तांब्याची पट्टी जाईल इतकं अंतर त्यांच्यात वाढवा.