आधी पिशवीतल्या ट्यूबा बघा

डोंबिवलीतल्या माझ्या त्वचारोगाच्या दवाखान्यात पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटला फोनवर एकच गोष्ट सांगितली जाते: आजवर अंगाला लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा, संपलेल्या आणि अर्ध्या पिळलेल्यासुद्धा. एमडी करताना हे मला कुणी शिकवलं नव्हतं, प्रॅक्टिसच्या पहिल्याच पावसाळ्यात शिकले. यंदा नीट-पीजी या डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेनंतर त्वचारोगाची जागा घ्यावी का, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी मूळची डोंबिवलीचीच. एमबीबीएसनंतर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष जव्हार तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं आणि तिथे खरजेने मला या विषयाकडे ओढलं. एका पोराच्या बोटांच्या बेचक्यात पुळ्या दिसल्या की घरातल्या सगळ्यांचे हात बघायचे. पाच टक्क्यांचं परमेथ्रिनचं मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी अंघोळ, आठवड्याने पुन्हा तेच. सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो. ‘मला काही होत नाही’ म्हणणारी आजी राहून गेली, तर महिन्याभरात सगळं घर परत दारात. इलाज साधा होता, पण तो नीट समजावून सांगण्यातच सगळं होतं. ते काम मला आवडलं.

एमडीच्या पदवीचं पूर्ण नाव त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असं आहे. बहुतेक मुलं पहिल्या शब्दासाठी येतात, त्यातही लेझरसाठी. रात्रीची धावपळ नसते म्हणूनही येतात. हा समज पहिल्या महिन्यात जातो. औषधाच्या रिॲक्शनने अंगभर साल सोललेला पेशंट भाजलेल्या पेशंटसारखा सांभाळावा लागतो, आणि तो दगावूही शकतो.

कुष्ठरोगाची ओपीडी मात्र कधीही चुकवू नका. 2005 साली देशपातळीवर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, असं निर्मूलनाचं प्रमाण गाठल्याचं जाहीर झालं आणि लोकांनी, डॉक्टरांनीही, ‘रोग संपला’ असा अर्थ काढला. ठाणे-पालघर पट्ट्यात रुग्ण आजही सापडतात. माझ्याकडे एक गृहस्थ आले, रोज लोकलने मुंबईला जाणारे. हातावर फिकट चट्टा. आठ महिने कुणी शिबं म्हणून, कुणी नायटा म्हणून मलमं दिलेली, पिशवीत पाच ट्यूबा. चट्ट्याला खाज नाही, हे ऐकून मी थांबले. त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचा बोळा टेकवत गेले. चट्ट्यावर टेकवला तेव्हा ते गप्प राहिले. कोपरामागची अल्नर नस बोटाला दोरीसारखी जाड लागली. कुष्ठरोगच होता. त्यावरचा बहुविध औषधोपचार, म्हणजे एकत्र दिलेली औषधं, सहा महिने किंवा बारा महिने चालतो, सरकारी केंद्रात फुकट मिळतो, आणि सुरू केल्यावर संसर्ग पसरण्याची भीती लवकरच संपते. पण नस कायमची खराब व्हायच्या आत तो सुरू झाला पाहिजे. या तपासणीला लागतो कापसाचा बोळा आणि तुमचा वेळ.

आता रोजचं काम. ओली जीन्स, लोकलचा गच्च भरलेला डबा, दिवसभर घाम: पावसाळ्यात जांघेतला नायटा आणि पायाच्या बोटांतल्या चिखल्या यांचीच रांग लागते. यातल्या बऱ्याच जणांनी दुकानातून स्टेरॉईड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांचं एकत्र मलम आणलेलं असतं. स्टेरॉईडने लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, बुरशी मात्र पसरत राहते. ‘मॅडम, ही लावली की बरं वाटतं,’ असं पेशंट म्हणतो तेव्हा तो खरंच सांगत असतो. म्हणून त्याला रागावू नका. स्टेरॉईडने मांडीवर पडलेल्या चिरा दाखवा आणि त्या आता पूर्ण जाणार नाहीत हे स्पष्ट सांगा. 2018 साली अनेक स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम झाला, तरी ट्यूब सहज मिळते.

अशा पेशंटचा नायटा स्टेरॉईडने इतका बदललेला असतो की नजरेवर विसंबू नये. काठाची खपली खरवडायची, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली बुरशीचे तंतू शोधायचे. उपचार आठवड्यांचा नव्हे, कधीकधी महिन्यांचा असतो. टॉवेल वेगळा, कपडे उलटे करून वाळवायचे, घरात आणखी कुणाला खाज आहे का ते विचारायचं.

वांगासाठी लावलेल्या, स्टेरॉईड असलेल्या गोरेपणाच्या मलमांचंही तेच. मलम बंद केलं की चेहरा लाल होतो, आग होते. ही आग होणार हे आधीच सांगितलं नाही, तर पेशंट घाबरून त्याच ट्यूबकडे परत जातो.

पेशंटची भाषा शिका. ‘अंगावर पित्त उठलंय’ म्हणणाऱ्या बाईंना ॲसिडिटीची गोळी नको असते, त्यांना गांधी उठलेल्या असतात. आमसुलाचं पाणी लावायला मी अडवत नाही, त्याने गार वाटतं. पण ओठ सुजतात का, श्वास लागतो का, हे विचारल्याशिवाय त्यांना सोडत नाही.

आणि कोड. कपाळाच्या मधोमध टिकलीएवढाच पांढरा डाग दिसला, तर टिकलीच्या गोंदाचा विचार करा. त्यातल्या एका रसायनाने, पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉलने, रंग जातो. टिकली बंद करून उपचार लवकर सुरू केले तर रंग भरायची आशा असते. खरं कोड असेल तर वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याखाली डाग खडूसारखा उजळतो. अशा वेळी मुलीची आई रडवेली होऊन लग्नाचं विचारते. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे मी तिला, वडिलांना आणि मुलीला वेगवेगळं सांगते, मग 311 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांच्या उपचाराबद्दल बोलते. याला अर्धा तास जातो, तो जाऊ द्या.

पहिल्या वर्षी कर्ज काढून लेझर घेऊ नका. मी सहाव्या वर्षी घेतलं. त्याआधी चामखिळी जाळून काढायची कॉटरी आणि एक चांगला मायक्रोस्कोप एवढ्यावर दवाखाना चालला. जागा भाड्याने घेताना मात्र खिडकी बघा, कारण ट्यूबलाइटखाली फिकट चट्टा हरवतो. माझी तपासणीची खुर्ची पूर्वेच्या खिडकीपाशी आहे. संध्याकाळी चट्ट्याबद्दल शंका राहिली, तर पेशंटला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पुन्हा बोलावते, आणि त्या भेटीची फी घेत नाही.