जत्रेहून परतताना: थंडीतल्या रात्री गाडी कशी चालवावी

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका दशावतारी मंडळाची, म्हणजे जत्रांत रात्रभर नाटक करणाऱ्या कलाकारांची, गाडी मी चालवतो. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात आणि पुढचे काही महिने आमच्या रात्री रस्त्यावरच जातात. आज डिचोली, उद्या सत्तरी, परवा दोडामार्ग. गावातली नवीन पोरं लायसन हातात पडलं की रात्रीच्या गाडीबद्दल विचारायला येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

निघण्याआधी ओलं फडकं घ्या आणि दिवे पुसा. आपल्याकडची तांबडी धूळ दिव्यावर बसली की उजेड मंदावतो, आणि हे आत बसून कळत नाही. समोरची काच आतूनही पुसा. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेने आणि श्वासाने तिच्यावर पातळ थर चढतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री समोरून गाडी आली की सगळी काच पांढरी होते.

आता मुख्य गोष्ट. उजेड जिथवर पोचतो तिथपर्यंत गाडी थांबली पाहिजे, वेग तेवढाच ठेवायचा. डिप्परचा, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्याचा, उजेड साधारण पन्नास मीटर नीट दाखवतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. दिसलं, कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी २० मीटर तरी हवेत. म्हणजे साठला कसंबसं जमतं. ऐंशीला हाच हिशेब सत्तर मीटरच्या घरात जातो. रस्त्यात आडवं काही असेल, तर ते दिसेल पण टळणार नाही. गाडी भरलेली असेल तर वेग आणखी कमी. गाडीत बसून मोजायचं असेल तर उजेड संपतो तिथला एखादा दगड किंवा झाड धरा आणि ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा. तीन म्हणायच्या आत तिथे पोचलात तर पाय उचला.

समोर कुणी नसेल तर अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा उजेड, लावा, समोरचा दिसला की लगेच डिप्पर. त्याने नाही केलं तर भांडू नका. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर न्या आणि वेग कमी करा. दिपलेले डोळे ताळ्यावर यायला काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात गाडी बरंच अंतर आंधळी धावते.

धुकं सगळीकडे सारखं नसतं. चढावर आभाळ स्वच्छ असतं आणि उतरून शेतात, नदीकाठी, कुळागराजवळ (सुपारीच्या बागेजवळ) आलात की एकदम पुढचं दिसेनासं होतं. थंड हवा सखल जागी साचते, म्हणून म्हादईच्या काठाने हे फार. तेव्हा उतार संपायच्या आधीच वेग कमी करा. धुक्यात अप्पर लावलात तर उजेड उलटा तुमच्याच डोळ्यांवर येतो. डिप्पर आणि खालचे फॉग लाइट पुरे. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नका. तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही.

काच धूसर झाली तर बोट आतून फिरवा. रेघ उमटली तर वाफ आतली. आमच्या गाडीत मागे पंधरा-वीस कलाकार झोपलेले, खिडक्या बंद, त्यांच्या श्वासानेच काच भरते. एसी चालू करा, हवा काचेकडे वळवा, बाहेरची हवा आत येऊ द्या. रेघ उमटली नाही तर दव बाहेरचं आहे, एसीने काच फार गार झाली आहे. तेव्हा हवेचा झोत काचेवरून काढा आणि वायपर मारा.

गुरं रात्री डांबरावर बसतात, कारण दिवसभराची ऊब त्यात टिकते. काळी म्हैस तर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. चोर्ला आणि अनमोड घाटात, मोलेच्या रानात गवे रस्ता ओलांडतात. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. एक गेला म्हणून पुढे काढू नका, मागे कळप असतो. डिप्पर करा, हॉर्न वाजवू नका, थांबा.

माणसांची काळजी त्याहून जास्त. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव, असतो, त्याआधीच्या नऊ दिवसांत लोक लांबलांबून रात्रीचे चालत येतात. पौषी पौर्णिमेला म्हापशात बोडगेश्वराची जत्रा सुरू होते. हातात मशाल घेऊन वाटसरूला वाट दाखवणारा हा देव, पण त्याच्या जत्रेला येणारी माणसं काळोखात रस्त्याच्या कडेने जातात, कडेवर मूल, हातात खाज्याची पुडी. त्यांच्याजवळून जाताना गाडी सायकलच्या वेगावर आणा. स्वतः चालणार असाल तर पांढरं काही घाला आणि मोबाइलची बॅटरी लावा.

झोपेबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. आमचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटे दहीकाल्याने संपतं. संकासूर, म्हणजे नाटकातला हसवणारा राक्षस, रंगात येतो, बाहेर हशा पिकतो, तेव्हा मी गाडीत आडवा असतो. मालकांशी माझी तशी बोलीच आहे: पेटारे उतरवायला हात लावीन, पण नाटक चालू असताना मला उठवायचं नाही. दोन ते सहा ही शरीराची झोपायची वेळ आहे, आणि धुकंही पहाटेच दाट होतं. काच उघडून, गाणी लावून झोप जात नाही. मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नसतील किंवा चाक पट्टीवर जाऊ लागलं, तर गाडी सुरक्षित जागी उभी करा. कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. उठाल तेव्हा कॉफी लागू झालेली असेल. आणि जत्रेत घोटभर घेतलेल्याच्या हाती किल्ली देऊच नका.

गाडी बंद पडलीच तर रस्त्यावरून पूर्ण खाली घ्या, चारी इंडिकेटर आता लावा. लाल त्रिकोण मागे चांगला लांब ठेवा, वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा. माणसांना गाडीत बसवू नका, रस्त्यापासून दूर उभं करा. मग ११२ लावा, कुणाला लागलं असेल तर १०८.