पिकअपचा अल्टरनेटर बदलताय? मग या चुका टाळा

टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावहून वाशीला निघालो होतो. दोनच दिवसांपूर्वी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा पार्ट, बदललेला. मीटर लावून बघितलं तेव्हा चार्जिंग १४.२ व्होल्ट होतं, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझलेला, म्हणजे काम फत्ते. आळेफाटा मागे टाकला आणि एका गतिरोधकावर ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखं. गाडी थांबली, पण सीटवरून उठून पाय रोवावा लागला. पुढे माळशेजचा उतार होता. तिथूनच मागे फिरलो आणि माल दुसऱ्या गाडीत भरून दिला.

ब्रेकमध्ये काही बिघाड नव्हता. मी अल्टरनेटर चुकीचा निवडला होता.

हे ऐकून हसणारे पुष्कळ भेटले, म्हणून आधी तेच सांगतो. पेट्रोल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलकं करणाऱ्या डब्याला) लागणारा व्हॅक्यूम इंजिनच्या हवा ओढण्यातून मिळतो. डिझेलला हवा अडवणारी तशी झडप, म्हणजे थ्रॉटल, नसते, त्यामुळे व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल पिकअपमध्ये हा पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो आणि त्याच्याच शाफ्टवर फिरतो. त्याला इंजिनातून बारीक पाइपने ऑइल येतं आणि जाड होजमधून खाली इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये परत जातं. म्हणजे दुकानात आपण ज्याला ‘चार्जिंगचा पार्ट’ म्हणून मागतो, तो निम्मा ब्रेकचा पार्ट असतो. मी घेतलेला माल रिबिल्ट, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला होता. वाइंडिंग नवं, बेरिंग नवे, रंगसुद्धा नवा, पण पंपाच्या आतली पाती झिजलेलीच ठेवली होती. चार्जिंग मापताना पंपाकडे कोण बघतो?

म्हणून अशा गाडीचा अल्टरनेटर घेताना ‘पंपासकट’ आणि ‘पंप नवा की जुनाच’ हे दोन्ही विचारा. बसवण्याआधी पंपाच्या ऑइलच्या भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा, पहिले काही सेकंद तो कोरडा फिरू नये. परतीचा होज कुठे दुमडलाय का, आत मळी साचलीय का, तेही बघा. ऑइलला परतीची वाट मिळाली नाही की ते सील ओलांडून अल्टरनेटरमध्ये शिरतं आणि कार्बन ब्रशचा चिखल करतं. जुना अल्टरनेटर आतून ऑइलने माखलेला निघाला असेल आणि तुम्ही होज न तपासता नवा बसवलात, तर काही महिन्यांनी पुन्हा त्याच दुकानात याल.

मुळात अल्टरनेटर गेलाय का?

गाडी सकाळी सेल्फ घेत नाही म्हणून सरळ अल्टरनेटर बदलणारे कमी नाहीत. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर गाडीत असला तर हा खर्च अनेकदा वाचतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी उतरलेली. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ यायला हवेत. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावा, रेस थोडी वाढवा. तरी आकडा १३.५ च्या वर टिकत असेल तर अल्टरनेटरला दोष देऊ नका. १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, आणि बॅटरीचं पाणी सारखं का आटतंय याचंही उत्तर मिळालं.

आकडा कमी आला तरी घाई नको. मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावा. हेडलाइट चालू ठेवून इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष वायरीत किंवा तिच्या टोकाच्या गंजलेल्या लगमध्ये आहे. अर्थिंगच्या बाजूनेही तसंच बघा, एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी पावसाळ्यात दोन-तीन वेळा शेतातल्या चिखलातून गेली की आतून कुजते, वरून मात्र चांगली दिसते. सैल बेल्टचं तर सांगायलाच नको.

लाल दिव्याचं एक वेगळंच गौडबंगाल आहे. चावी फिरवली की तो लागला पाहिजे, इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. साध्या अल्टरनेटरमध्ये सुरुवातीचा करंट याच बल्बमधून रोटरला (आतल्या फिरत्या भागाला) जातो. बल्बच उडाला असेल तर अल्टरनेटर धडधाकट असूनही चार्जिंग सुरू होत नाही, निदान बरीच रेस दिल्याशिवाय तरी नाही. हौसेने डॅशबोर्डमधले सगळे बल्ब काढून एलईडी लावणाऱ्यांच्या गाडीत हेच होतं, कारण एलईडीतून तेवढा करंट जातच नाही. दहा रुपयांचा बल्ब, आणि माणूस हजारोंचा पार्ट घेऊन मोकळा.

आता जी सवय मोडायलाच हवी ती. चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढायचा आणि ‘बघा, गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनामो ठीक’ असं म्हणायचं, ही परीक्षा अजूनही रस्तोरस्ती चालते. पूर्वीच्या खऱ्या डायनामोच्या काळात ती खपून गेली असेल. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी अचानक तोडली की व्होल्टेज क्षणभर ८० च्या घरातही उसळू शकतं. त्यात डायोड जातात आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत त्याहून महाग काहीतरी जातं. मेकॅनिकने पाना टर्मिनलकडे नेला तर त्याचा हात धरा. (डायनामो जाऊन जमाना झाला तरी नाव मात्र टिकलं. रेग्युलेटरलाही अजून ‘कटआउट’च म्हणतात. खरा कटआउट डायनामोसाठी लागायचा, बॅटरीचा करंट उलटा जाऊ नये म्हणून. अल्टरनेटरमध्ये ते काम डायोड करतात.)

अँपिअरचा मोह

दुकानदार म्हणतो, ‘जास्त अँपिअरचा घ्या, बॅटरी लवकर भरेल.’ शेजारचा म्हणतो, ‘नको, बॅटरी उकळेल.’ दोघांचंही ऐकू नका. लेबलवरचे अँपिअर ही जास्तीत जास्त देण्याची ताकद असते. गाडी मागेल तेवढाच करंट जातो आणि बॅटरी उकळते ती व्होल्टेज वाढल्याने. पण ५५ च्या जागी ९० चा बसवून वायर जुनीच ठेवलीत, तर भार वाढल्यावर ती वायर आणि तिची फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखा वितळणारा तुकडा) तापणार. वायर जाड करायची नसेल तर कंपनीने दिला तेवढ्याच अँपिअरचा घ्या.

कमी अँपिअरचा घेणं ही त्याहून वाईट चूक, कारण तिचा त्रास हळूहळू होतो. लेबलवरचा आकडा अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेरे घेत असतानाचा असतो. इंजिन आयडलवर असताना, त्यातही गरम झाल्यावर, त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाला तरी पुष्कळ. आता हिशोब करा. ५५ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे साधारण ८ अँपिअर, वर लावलेले दोन फॉग आणखी ८, ब्लोअरचे १०, वायपरचे ४-५, शिवाय टेललाइट, टेप आणि मोबाइल. मार्केटच्या गेटवर पावसात तासभर आयडलवर उभं राहणाऱ्या गाडीचा अल्टरनेटर कमी अँपिअरचा असेल, तर तिथे बॅटरी भरण्याऐवजी उतरतच असते.

जुना हातात घेऊन जा

फोनवर मॉडेल आणि साल सांगून माल मागवू नका. जुना काढा, पुसा, लेबलचा फोटो घ्या आणि तो पार्टच काउंटरवर ठेवा. पुण्यात नाना पेठेत गेलात तर एकाच गाडीसाठी चार तऱ्हेचे अल्टरनेटर समोर येतील, आणि लांबून चारही सारखेच दिसतील. कानांमधलं, म्हणजे बोल्ट बसतात त्या भोकांमधलं अंतर मोजा. पुलीवरच्या खाचा मोजा. पुली मागे-पुढे थोडी जरी सरकलेली असेल तरी बेल्ट एका कडेने खाऊ लागतो, म्हणून बॉडीपासून पुलीचं अंतरही पट्टीने मोजा. काही गाड्यांत एकाच दिशेला पकडणारी फ्रीव्हील पुली असते. तिच्या जागी साधी घट्ट पुली आली की बेल्ट थरथरतो आणि तो ताणून धरणारा टेन्शनर लवकर जातो. मागच्या प्लगच्या पिनाही जुळवा. डिझेलमध्ये आरपीएम काटा चालवणारी एक वायर बऱ्याचदा अल्टरनेटरमधूनच निघते. ती पिन नसलेला माल बसला की चार्जिंग होतं, काटा मात्र झोपून राहतो.

जुना घेऊन जाण्यातही एक खोच आहे. गाडी सेकंड हॅंड घेतली असेल तर आधीच्या मालकानेच भलता बसवलेला असू शकतो, म्हणून शक्य असेल तिथे पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरवरून पडताळून घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांबाबत तर हे हमखास करा. त्यातल्या काहींमध्ये अल्टरनेटरचं व्होल्टेज गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असतो. तिथे वरचे मल्टिमीटरचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, स्कॅनर लावावाच लागतो.

नवा की रिवाइंडिंग? माझं मत विचाराल तर बॉडी मूळ कंपनीची असेल आणि नुसती डायोड प्लेट, ब्रश किंवा बेरिंग गेलं असेल, तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त केलेला आपलाच अल्टरनेटर अनोळखी डब्यातल्या नव्यापेक्षा बरा. वाइंडिंग जळून काळं पडलं असेल तर मात्र नवा घ्या. आणि ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पैसे देण्याआधी वाचा.

बसवताना आधी बॅटरीचा मायनस काढा. पूर्ण उतरलेली बॅटरी बाहेर चार्जरवर भरून मगच जोडा, नाहीतर नवा अल्टरनेटर पहिल्याच दिवशी तासन् तास पूर्ण ताकदीने राबतो आणि तापतो. मग व्होल्टेज बघा. पंपवाली गाडी असेल तर शेवटी इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून चावी मारा. इंजिन सुरू होताच पेडल थोडं खाली बसलं तर पंप व्हॅक्यूम ओढतोय. नाही बसलं तर गाडी गॅरेजबाहेर काढू नका.