पहाटे परदेशात उतरताय? जेट लॅगच्या या चुका टाळा

मुंबईहून लांब पल्ल्याची बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तिकडे सकाळी सकाळी उतरतात. तिकीट काढताना हे मोठं सोयीचं वाटतं. रात्र विमानात गेली, सकाळी पोचलो, अख्खा दिवस हाताशी! प्रत्यक्षात दुपारी दोनला सोफ्यावर आडवी झालेली आणि रात्री अडीचला मुलाच्या स्वयंपाकघरात चिवड्याचा डबा हुडकणारी मंडळीच जास्त. पार्ले, ठाणे, डोंबिवली, कुठेही विचारा. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्या आईवडिलांची पहिल्या आठवड्याची हकिगत थोड्याफार फरकाने हीच असते.

त्यावर सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: ‘उतरल्यावर झोपायचं नाही, उन्हात फिरायचं.’ सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे, आणि काही ठिकाणी चक्क उलटा पडतो.

सगळीकडची सकाळ सारखीच धरणं

मुळातली चूक ही. उन्हाळ्यात लंडनला सकाळी सातला उतरलात तर मुंबईत साडेअकरा वाजलेले असतात. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला सकाळी सातला उतरलात तर मुंबईत दुपारचे साडेचार. सिडनीला जून-जुलैत सकाळी सहाला उतरलात तर मुंबईत रात्रीचा दीड. घड्याळात तिन्हीकडे सकाळ, पण शरीराच्या लेखी एकीकडे जेवायची वेळ जवळ आलेली, दुसरीकडे चहाची आणि तिसरीकडे गाढ झोपेची.

‘जेट लॅग वगैरे सगळे मनाचे खेळ’ म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांना सांगायला हरकत नाही की शरीरातलं हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं ते शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं आहे. मुख्य घड्याळ मेंदूत असतं आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर लावलं जातं. रोज रात्री अकराला झोपून सातला उठणाऱ्या माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली गेलेलं असतं. त्याच्या आधीच्या तासांत डोळ्यांवर पडलेला प्रकाश घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा यायला लागते. नंतरच्या तासांतला प्रकाश घड्याळ पुढे ओढतो. लंडन-अमेरिकेकडे जाताना मागे ढकलायचं असतं, सिडनीकडे जाताना पुढे ओढायचं.

आता सिडनीचं बघा. सकाळी सहाला उतरून सातच्या सुमारास सूर्य उगवल्या उगवल्या उन्हात गेलात तर शरीराच्या रात्री अडीच वाजता डोळ्यांवर प्रकाश पडतो आणि घड्याळ नेमकं उलट्या दिशेला सरकतं. तिथे साधारण नऊ-साडेनऊपर्यंत काळा चष्मा घाला, घरात बसा, पडदे ओढा. त्यानंतर मात्र खुशाल बाहेर पडा, भरपूर ऊन घ्या. मेलबर्नलाही हेच गणित.

लंडनला सकाळच्या उन्हाने फारसं काही बिघडत नाही, पण खरं काम होतं ते संध्याकाळच्या प्रकाशाने. जूनमध्ये तिथे रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्याचा फायदा घ्या. आणि पहाटे पावणेपाचला सूर्य उगवतो म्हणून आदल्या रात्रीच पडदे घट्ट लावून घ्या. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, तेव्हा दुपारी बाहेर फिरून या आणि संध्याकाळी घरातले दिवे भरपूर लावा.

न्यू जर्सीची पंचाईत वेगळी. तिथे दुपारचे दोन म्हणजे मुंबईचे रात्री साडेअकरा. बरोब्बर तेव्हाच डोळ्यांवर झापड येते आणि बरोब्बर तेव्हाच उन्हात असणं सर्वांत उपयोगाचं असतं. दोन ते सहा हे चार तास घराबाहेर काढलेत तर अर्धी लढाई जिंकलीत.

निघायच्या दिवशीच झोपेचं खोबरं करणं

उतरल्यावर जो थकवा जाणवतो तो सगळा जेट लॅग नसतो. त्यात जागरणाचा वाटा मोठा असतो आणि ते जागरण मुंबईतच सुरू होतं. विमान अडीचचं, म्हणजे साडेअकराला सहारच्या टर्मिनल दोनवर. म्हणजे डोंबिवलीहून नऊला निघायचं. त्याआधी दिवसभर वजनकाट्यावर बॅग चढवायची, दोन किलो जास्त भरली की मेतकूट ठेवायचं की गोडा मसाला यावर वाद घालायचा, आणि निरोप द्यायला येणाऱ्यांसाठी दर तासाला चहा टाकायचा. विमानात बसेपर्यंत माणूस वीस तास जागा असतो.

बॅगा आदल्या दिवशी बंद करा. निघायच्या दिवशी दुपारी दोन तास दार लावून झोपा, पाहुणे आले तरी. रात्रीचं जेवण घरीच आठ वाजता उरका. विमानात पहाटे साडेतीनला ट्रे समोर येतो तेव्हा भूक नसते, पण ‘पैसे भरलेत ना’ म्हणून जेवलं जातं आणि झोपेचे दोन तास त्यात जातात. लंडनचा प्रवास जेमतेम साडेनऊ-दहा तासांचा, त्यात हे परवडत नाही. बसल्या बसल्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि उठवू नका म्हणून सांगा. न्यूअर्कला थेट जाताना हाताशी पंधरा-सोळा तास असतात. तिथे पहिली झोप आपोआप लागते, पण शेवटच्या पाच-सहा तासांतही एक डुलकी काढा, कारण तेव्हा तिकडे रात्र असते.

फुकटची वाइन किंवा व्हिस्की झोपेसाठी घेऊ नका. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप तुटक होते.

‘जरा पाठ टेकते’

या तीन शब्दांनी जितक्या रात्री वाया घालवल्या असतील तितक्या विमानाच्या इंजिनांनीही घालवल्या नसतील. न्यू जर्सीतल्या एडिसनला घरी पोचून अंघोळ झाली, सुनेने पोहे दिले, चहा झाला. मग आई म्हणते, “अरे, जरा पाठ टेकते, अर्ध्या तासात उठव.” अर्ध्या तासाने मुलगा दारातून डोकावतो आणि शांत झोपलेली आई बघून त्याला उठवायचा धीर होत नाही. संध्याकाळी सहाला आई उठते. मग रात्री झोप कशाला येईल?

झोपू नका असं मी म्हणणार नाही. रात्रभर जागलेल्या साठीच्या माणसाला दिवसभर जबरदस्तीने जागं ठेवणं हा निव्वळ छळ आहे. वीस-तीस मिनिटांची वामकुक्षी घ्या, फारच थकला असाल तर दीड तास. पण तिकडच्या दुपारी एकच्या आत. पलंगावर नको, आरामखुर्चीत किंवा सोफ्यावर, पडदे उघडे ठेवून. गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आणि मुलांनो, उठवायचं म्हणजे उठवायचं. चहा हातात देऊन उठवा, पण उठवा.

हॉटेलात उतरणार असाल तर खोली बहुधा दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. ऐपत असेल तर आदल्या रात्रीपासून आरक्षण करा आणि आपण सकाळी पोचणार आहोत हे हॉटेलला आधी कळवून ठेवा, नाहीतर आलाच नाहीत असं समजून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते. नसेल ऐपत तर बॅगा तिथे टाकून फिरायला निघा.

पोट आणि फोन मुंबईतच ठेवणं

न्यू जर्सीत रात्री तीनला पोटात कावळे ओरडतात कारण मुंबईत साडेबारा झालेले असतात, पान वाढायची वेळ. भूक खरी असते, तिला दोष नाही. पण त्या वेळी वरण-भात गरम करून जेवलात तर यकृताला आणि आतड्यांना तीच जेवणाची वेळ वाटत राहते. त्यांचीही स्वतःची घड्याळं असतात आणि ती जेवणाच्या वेळांवर चालतात. एखादं केळं किंवा कपभर दूध पुरे. दिवसाची तिन्ही खाणी मात्र तिकडच्या वेळेला, भूक नसली तरी थोडी थोडी. पहिले दोन-तीन दिवस पोट साफ होत नाही, त्याने घाबरू नका. पाणी आणि फळं वाढवा.

चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच पाचएक तास लागतात.

फोनचा ताप वेगळाच. मुंबईत सकाळी सातला नातेवाइकांच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि ‘शुभ सकाळ’ सुरू होतात तेव्हा लंडनला रात्रीचे अडीच असतात. नुकता डोळा लागलेला असतो आणि उशाशी टुंग वाजतं. रात्री फोन मुका करून दुसऱ्या खोलीत ठेवा. सुखरूप पोचल्याचं आत्याला, मावशीला आणि शेजारच्या काकूंना एकेकटं कळवत बसण्यापेक्षा दुपारी एकदाच सगळ्यांना निरोप टाका.

रात्री अडीचला डोळे टक्क उघडले तर

उघडणारच. त्यात बिघडलं काही नाही. बिघडतं ते पुढे जे केलं जातं त्याने: मोठा दिवा लावायचा, मालिकेचे राहिलेले भाग बघायचे, किंवा आता उठलोच आहे तर भाजी चिरून ठेवू. त्याऐवजी मंद दिव्यात पडून राहा, वाचा, नामस्मरण करा. झोप नाही लागली तरी विश्रांती मिळते. सहाच्या आत दिवस सुरू करू नका.

घरात वयस्कर कोणी आलं असेल तर एक गोष्ट पहिल्याच रात्री करा. पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचे छोटे दिवे लावून ठेवा. तिकडच्या घरात बहुधा लाकडी जिना असतो, खोल्यांची दारं एकसारखी दिसतात, आणि अर्धवट झोपेत माणसाला आपण दादरच्या घरातच आहोत असं वाटतं. पडून खुब्याचं हाड मोडलं तर जेट लॅगची आठवणही राहणार नाही.

गोळ्यांच्या बाबतीत शेजाऱ्यांचं ऐकू नका. मेलाटोनिन अमेरिकेत किराणा दुकानातही मिळतं, ब्रिटनमध्ये त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. वेळ चुकली तर त्यानेही घड्याळ उलटं सरकतं, आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांबरोबर ते जपून घ्यावं लागतं. झोपेची गोळी आयुष्यात पहिल्यांदा विमानात घेऊ नका. तासन् तास हालचाल न करता पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पोटरी सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली तर ते जेट लॅगवर ढकलू नका, लगेच डॉक्टर गाठा. मधुमेहाची मंडळी असतील तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाताना त्यांचा तो दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, हिवाळ्यात साडेदहा. इन्सुलिन कधी, किती, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. औषधं हातातल्या पिशवीत.

कामाच्या वेळा उलट्या लावणं

ऑफिसच्या कामाने जाणारे बहुधा म्हणतात, ‘पहिल्या दिवशी सकाळी आराम, संध्याकाळी डिनर मीटिंग.’ लंडनमध्ये हे नेमकं उलटं हवं. तिथे सकाळचे दहा म्हणजे मुंबईचे दुपारी अडीच. विमानात चार-पाच तास झोपला असाल तर डोकं बरं चालतं. रात्री आठला मुंबईत साडेबारा झालेले असतात आणि समोरचा बोलतो ते ऐकू येतं, पण शिरत नाही. न्यूयॉर्कला जे काय असेल ते बाराच्या आत आटपा. गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवत निघणं दोन्हीकडे नको. झोपाळलेल्या डोळ्यांनी, पहिल्याच दिवशी, आणि अमेरिकेत तर उजव्या बाजूच्या रस्त्यावर? टॅक्सी करा. आणि दोन-तीन दिवसांचीच फेरी असेल तर तिकडच्या वेळेशी जुळवून घ्यायच्या भानगडीत पडूच नका. जमेल तितकं मुंबईच्या वेळेला झोपा आणि कामं दोन्हीकडच्या जागेपणात बसवा.

परतीचं तिकीट काढताना आणखी एक बघा. आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे दिवस लांबवणं त्याला सोपं जातं आणि आखडणं जड. म्हणून लंडन-अमेरिकेहून पूर्वेकडे घरी येताना जाण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. पूर्वेकडे ढोबळ हिशेब तासाला एक दिवस असा धरतात. रविवारी रात्री उतरून सोमवारी सकाळची फास्ट लोकल पकडण्याचा बेत असेल तर सुट्टी निदान बुधवारपर्यंत वाढवून घ्या.