आईबाबांना ऑनलाइन फसवणुकीपासून वाचवायचंय? आधी ओरडणं बंद करा

बाबांच्या स्क्रीनवर एकदा लालभडक पान उघडलं, भोंगा वाजायला लागला, "कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा". त्यांनी केला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की त्याने सांगितलेलं रिमोट ॲप टाकून बाबांनी माउस चक्क त्याच्या ताब्यात दिला. मला कळलं चार दिवसांनी! कारण त्याआधी कुठल्यातरी फालतू लिंकवरून मी त्यांच्यावर वैतागलो होतो, त्यामुळे सांगायची हिंमत होईना. ते चार दिवस माझ्यामुळे गेले.

म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी घरात एक ठरवून टाका. पैसे, पासवर्ड, ओटीपी किंवा काहीतरी इन्स्टॉल करा असं कोणी म्हणालं की हात माउसवरून बाजूला आणि मला फोन, रात्री दोन वाजले असले तरी चालेल. आणि मग खरंच चिडायचं नाही हां, पहिल्याच फोनला "बाबा, एवढंही कळत नाही का" म्हणालात की दुसरा फोन येत नाही.

आता मेल. शेजारी बसा आणि त्यांच्याच इनबॉक्समधला एक मेल उघडून दाखवा, की वर दिसणारं नाव कोणीही काहीही टाकू शकतं, पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव लिहितो ना, तसंच. नावावर टिचकी मारली की खरा पत्ता दिसतो, पण मेल पाठवायची मूळ पद्धत १९८२ ची आहे आणि तिच्यात पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नव्हती, तपासण्या नंतर जोडल्या गेल्या, त्यामुळे पत्ता बरोबर दिसला तरी शंभर टक्के भरवसा नको.

लिंकचं बघा. बोट लिंकवर दाबून धरलं किंवा माउस नुसता वर नेला की पत्ता दिसतो. त्यात "एचटीटीपीएस" नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिथून उलटं, मागे मागे वाचायचं. "तुमचीबँक डॉट खाते-तपासणी डॉट कॉम" यात मालक बँक नाही, "खाते-तपासणी" नावाचा कोणीतरी आहे. बाबांना हे जमायला तीन संध्याकाळी लागल्या. आईने मात्र सरळ सांगितलं, मी मेलमधली लिंक उघडणारच नाही, बँकेचं ॲप स्वतः उघडेन. माझ्या मते आईची पद्धत जास्त चांगली.

अटॅचमेंटची युक्ती तर जुनीच आहे. मे २००० मध्ये "आय लव्ह यू" व्हायरस जगभर पसरला तो टेक्स्ट फाइल असल्याचं सोंग घेऊन, नावाच्या शेवटी "डॉट व्हीबीएस" होतं, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम, पण विंडोज ते शेपूट लपवतं. अजूनही लपवतं बरं का! फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून ठेवा, मग "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" आलं की ते बिल नसून प्रोग्राम आहे हे लगेच दिसेल.

लाल स्क्रीनची मात्र रंगीत तालीमच करा. ते नुसतं एक वेबपेज असतं, फुल स्क्रीन केलेलं. एस्केप दाबून धरायचं, नाही गेलं तर आल्ट आणि एफ४, तेही नाही तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरा, काही बिघडत नाही. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा. मी चिकटवलंय. शिवाय ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणाकोणाला दिलीये ते बघा, असे खोटे इशारे तिथूनही येतात, बाबांच्या यादीत अशा साइट होत्या की त्यांची नावंही मला वाचता येईनात.

बाकीचं एका बैठकीत होतं: रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं (म्हणजे कॉम्प्युटरमध्ये मोठे बदल करायचे अधिकार नसलेलं) अकाउंट, अपडेट आपोआप, जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर, मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे कॉम्प्युटर अजून त्यावरच आहे का तेवढं तपासा. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवत असतील तर ठेवू दे, सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि घडलंच तर आधी नेट बंद. मग कार्डामागच्या नंबरवरून बँकेला फोन, दुसऱ्या डिव्हाइसवरून आधी मेलचा पासवर्ड बदला मग बाकीचे, आणि मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर नक्की बघा, तिथे चोराने आपला पत्ता घालून ठेवला असेल तर पासवर्ड बदलूनही मेल त्याच्याकडे जात राहतात. रिमोट ॲप काढून टाका. नंतर काही दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो" म्हणणारा फोन येऊ शकतो, तोही त्यातलाच. बाबांना आला होता, "मुलाला विचारून सांगतो" म्हणाले तर पलीकडच्याने फोनच ठेवला.