उन्हाळी शिबिरात शिडाची होडी शिकायला जाणाऱ्या मुलाची तयारी कशी करावी

नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, परंतु शिडाची होडी चालवण्यासाठी समुद्रच हवा असे नाही. तिला मोकळा वारा आणि पुरेसे रुंद पाणी मिळाले की पुरते. भोपाळचा मोठा तलाव आणि हैदराबादचा हुसेनसागर हे दोन्ही समुद्रापासून दूर असूनही देशात या खेळाच्या प्रशिक्षणासाठी ओळखले जातात, आणि आपल्या अंबाझरी तलावावरही एनसीसीच्या नौदल विभागाचे छात्र होडीचा सराव करीत आले आहेत. त्यामुळे शहरातल्या एखाद्या तलावावर असो किंवा सुट्टीत मावशीकडे भोपाळ-हैदराबादला राहून असो, सकाळी जाऊन त्याच दिवशी घरी परतण्याचे असे शिबिर नागपूरच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, म्हणजे जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात, आणि म्हणून तयारीसाठी सवडही मिळते.

ही सवड बहुतेक घरांत खरेदीत जाते. टोपी, चष्मा, नवे बूट, पाण्याची बाटली यांची यादी होते आणि मूल मात्र पाण्यात तोंड बुडवायला घाबरतच शिबिराला पोहोचते. मुलाचे शरीर पाण्याला आणि उन्हाला सरावलेले असणे ही खरी तयारी आहे, आणि तिला किमान तीन ते चार आठवडे द्यावे लागतात.

नाव नोंदवण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

शुल्क भरण्याआधी पालकांनी स्वतः तलावावर जाऊन चालू असलेला एखादा वर्ग पाहावा. मुले पाण्यात असताना मोटर असलेली बचाव-बोट प्रत्यक्ष पाण्यात असते की काठाला बांधून ठेवलेली असते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. एका प्रशिक्षकाकडे किती मुले असतात, लाइफ जॅकेट प्रशिक्षकांसह सर्वांना सक्तीचे आहे का, बुडणाऱ्याला काढल्यावर कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे, विजा चमकू लागल्यास मुलांना किती लवकर बाहेर काढतात, आणि दिवसाचा वर्ग किती वाजता संपतो, हे सारे स्पष्ट विचारावे. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी साडेदहानंतरही मुलांना उघड्या पाण्यावर ठेवणारे वेळापत्रक माझ्या मते स्वीकारूच नये. पहाटेचा वारा मंद असतो आणि ऊन तापू लागले की तो वाढतो. नवशिक्या मुलाला मंद वाराच हवा असल्याने लवकरची वेळ दोन्ही अर्थांनी योग्य ठरते. या प्रश्नांवर कोणी त्रासून उत्तर देत असेल किंवा "काही होत नाही हो, काळजी करू नका" एवढ्यावर विषय संपवत असेल, तर तिथे मुलाला पाठवू नये.

पाण्याची सवय

मूल पट्टीचे पोहणारे असावे अशी अपेक्षा नसते. अनेक ठिकाणी २५ ते ५० मीटर न थांबता पोहता येणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्यात अनपेक्षितपणे पडल्यावर न घाबरणे, एवढी अट असते. म्हणून जलतरण तलावावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वेगापेक्षा स्वस्थतेवर भर द्यावा. पहिल्या आठवड्यात तोंड पाण्यात घालून नाकातोंडाने बुडबुडे सोडणे आणि पाठीवर पडून हातपाय सैल ठेवून तरंगणे एवढेच करावे. पाठीवर तरंगता आले की मुलाला एक मोठी गोष्ट उमगते, ती अशी की आपण काही न करता पडून राहिलो तरी पाणी आपल्याला धरून ठेवते. दुसऱ्या आठवड्यात उभ्याने पाय हलवत जागच्या जागी राहणे आणि काठावरून उडी मारून पुन्हा काठाशी येणे शिकवावे. तिसऱ्या आठवड्यात हेच सारे अंगात पँट, शर्ट आणि लाइफ जॅकेट घालून करायला लावावे. भिजलेल्या कपड्यांचा भार आणि जॅकेट घातल्यावर पोटावर पोहणे किती अवघड होते, याचा अनुभव मुलाला शिबिराच्या पहिल्याच दिवशी नवा नसावा. जॅकेट घातलेले असताना पाठीवर राहून पाय मारत सरकणे सोपे जाते, हेही त्याच वेळी समजते.

तलावाचे पाणी मात्र जलतरण तलावासारखे निळे आणि पारदर्शक नसते. त्यात तळ दिसत नाही, पायाला शेवाळ किंवा जलपर्णीची मुळे लागतात, आणि नेमक्या याच गोष्टीने पोहता येणारी मुलेसुद्धा बिचकतात. मुलाला हे आधी सांगून ठेवावे. प्रशिक्षकांच्या परवानगीने, जॅकेट घालून, काठाजवळच्या उथळ पाण्यात एकदा उतरवता आले तर उत्तमच. स्वतःच्या जबाबदारीवर फुटाळ्याला किंवा अंबाझरीला मुलांना पाण्यात उतरवणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण बांधून काढलेल्या तलावांत खोली एका पावलाच्या अंतरावर बदलू शकते.

इथे घरातल्या मोठ्यांविषयीही लिहिणे भाग आहे. आपल्याकडे तलाव म्हटला की बुडाल्याच्या बातम्या आठवतात, आणि त्या खऱ्या असतात, त्यामुळे आजी-आजोबांची काळजी रास्तच आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करण्याऐवजी आजीला एकदा जॅकेट दाखवावे, बचाव-बोट कशी असते ते सांगावे, जमल्यास वर्ग सुरू असताना काठावर नेऊन बसवावे. मुलासमोर रोज "सांभाळून रे बाबा, पाणी आहे ते" असे म्हटले गेले तर मूल भीती तेवढी सोबत नेते. त्याऐवजी नेमके काय करायचे आणि काय करायचे नाही, हे सांगितलेले मुलाच्या उपयोगी पडते.

लाइफ जॅकेट बसते की नाही

शिबिराकडून जॅकेट मिळत असले तरी ते मुलाच्या मापाचे आहे हे पालकांनीच तपासावे. जॅकेट वयावरून निवडत नाहीत. त्यावर छापलेली वजनाची मर्यादा पाहून, मुलाचे वजन त्या मर्यादेत बसते का, हे आधी बघावे. मग सगळे पट्टे आवळून मुलाला हात वर करायला सांगावे आणि मागून दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून जॅकेट वर ओढावे. ते हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत सरकत असेल तर पाण्यातही तसेच सरकेल आणि मूल त्यातून खाली निसटेल. लहान किंवा बारीक मुलांसाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलेच जॅकेट घ्यावे. "मोठे घेऊ, पुढच्या वर्षीही चालेल" हा हिशेब गणवेशाला लावावा, जॅकेटला कधीही लावू नये.

जॅकेट माणसाला किती जोराने तरंगवून धरते हे सांगणारा ५० किंवा १०० न्यूटन असा आकडा त्यावर असतो. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि जवळ मदत असलेल्या संथ पाण्यासाठी असते. ते हालचालीला मोकळे असल्याने होडी शिकताना बहुधा हेच वापरतात. १०० न्यूटनचे जॅकेट जास्त जाड असते आणि पाण्यात पडलेल्याचे तोंड वर वळवण्याच्या दृष्टीने बनवलेले असते. पोहण्यात कच्च्या असलेल्या मुलासाठी कोणते द्यायचे, हे प्रशिक्षकांशी आधीच बोलून ठरवावे. जॅकेटला शिट्टी बांधलेली असावी आणि ती फक्त मदत हवी असतानाच वाजवायची, हे मुलाला बजावावे.

होडीबद्दल आधी किती सांगावे

फार सांगू नये, ते प्रशिक्षकांचे काम आहे. तरी काही गोष्टी माहीत असल्या तर पहिला दिवस गोंधळात जात नाही. मुलांना बहुधा ऑप्टिमिस्ट नावाची एकट्याने चालवायची होडी देतात. ती अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली मुलांसाठी आखली आणि आजही जगभर १५ वर्षांपर्यंतची मुले ती वापरतात. तिची लांबी जेमतेम २.३ मीटर असते. तिला एक डोलकाठी, एक शीड, मागे सुकाणू आणि मधल्या फटीतून पाण्यात सोडलेली एक उभी फळी असते. शिडाच्या खालच्या कडेला असलेल्या आडव्या दांड्याला बूम म्हणतात. होडी वळते तेव्हा हा दांडा एका बाजूकडून दुसरीकडे झपकन फिरतो आणि खाली न वाकलेल्या डोक्याला लागतो. म्हणून "वाक" असे ऐकू येताच, का ते न विचारता, वाकायचे, ही सवय घरीच खेळता खेळता लावावी.

पतंग उडवणाऱ्या नागपूरच्या मुलाला शिडाचा दोर समजावणे सोपे जाते, कारण ढील आणि खेच त्याच्या हातात आधीपासूनच असते. दोर ओढला की शीड वारा धरते आणि होडी पळते, ढील दिली की शीड फडफडते आणि होडी मंदावते. यातूनच सर्वांत उपयोगाचा धडा निघतो, तो असा की काहीही कळेनासे झाले, भीती वाटली, होडी फार कलली, तर हातातला दोर सोडून द्यायचा. वारा शिडातून निघून जातो आणि होडी बहुतेक वेळा सावरून थांबते. घाबरलेले मूल स्वाभाविकपणे दोर आणखी घट्ट धरते, म्हणून हे वाक्य त्याच्या तोंडी बसेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून घ्यावे.

होडी उलटणार, हेही आधीच सांगावे. शिकताना ती उलटतेच, आणि चांगल्या शिबिरात पहिल्या काही दिवसांत प्रशिक्षक ती मुद्दाम उलटवून पुन्हा उभी करायला शिकवतात. तिच्यात हवा भरलेल्या पिशव्या बांधलेल्या असल्याने ती बुडत नाही. उलटल्यावर मुलाने होडीला धरून राहायचे, काठ कितीही जवळ वाटला तरी पोहत निघायचे नाही. पाण्यात मुलाचे लहानसे डोके दुरून दिसत नाही, पण होडी दिसते, आणि बचाव-बोट होडीकडेच येते.

घरी पलंगाच्या पायाला दोर बांधून आठाची गाठ शिकवता येईल. गच्चीवर उभे राहून, डोळे मिटून, वारा कोणत्या गालावर लागतो ते ओळखण्याचा खेळही मुलांना आवडतो आणि होडीत तो रोज उपयोगी पडतो.

ऊन

पाण्यावर गार वाटते आणि तिथेच फसगत होते. वारा घाम सुकवतो, अंग ओले असते, त्यामुळे मुलाला तहान जाणवत नाही, आणि वरून पडणाऱ्या उन्हाबरोबर पाण्यावरून परावर्तित होणारे ऊनही चेहऱ्याला आणि मानेला भाजत असते. सुट्टीभर कूलरच्या खोलीत बसलेले मूल अचानक उघड्या पाण्यावर नेले तर ते दुसऱ्या दिवशी आजारी पडण्याचा धोका असतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून शिबिराआधी दोन आठवडे मुलाला रोज सकाळी सहा ते आठ या वेळेत बाहेर खेळू द्यावे आणि हळूहळू वेळ वाढवावी. निवड शक्य असेल तर एप्रिलमधील किंवा जूनच्या उत्तरार्धातील तुकडी घ्यावी. नवतपाच्या दिवसांत, म्हणजे साधारण २५ मेपासून पुढे, नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि ते दिवस टाळलेलेच बरे.

शिबिराच्या दिवशी पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी काही घोट प्यावे, हे मुलाला आणि प्रशिक्षकांना दोघांनाही सांगावे. घरून निघताना ताक किंवा कैरीचे पन्हे द्यावे. घाम फार जात असेल तर ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, बहुधा एक लिटर पाण्यात, विरघळवून द्यावे. अर्ध्या ग्लासात सबंध पाकीट घालणे अपायकारक आहे. डोके दुखणे, चक्कर, मळमळ किंवा पायात गोळे येणे यांपैकी काही झाले तर लगेच सावलीत येऊन सांगायचे, यात लाजण्यासारखे काही नाही, हे मुलाला पटवून द्यावे. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा गुंगू लागले तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत, वारा घालत तत्काळ रुग्णालय गाठावे.

उन्हाळ्यातील वादळी पावसाचाही विचार करावा. दुपारनंतर ढग अचानक भरून येतात, सोसाट्याचा वारा सुटतो आणि विजा पडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. ते पालकांनी फोनवर ठेवावे. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर यायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचे नाही.

कपडे आणि पिशवी

पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा टीशर्ट आणि तशीच पँट घालावी. जाड सुती कपडा आणि जीन्स भिजल्यावर जड होतात. एरवी उन्हात आपण दुपट्टा गुंडाळतो, परंतु होडीत तो दोरात अडकू शकतो, म्हणून त्याऐवजी दोरी असलेली टोपी द्यावी. चष्म्यालाही मागे दोरी बांधावी. लांब केस घट्ट बांधावेत, साखळी, कडे, कानातले घरीच ठेवावे. तलावाच्या तळाशी काचा आणि तारा असू शकतात, तेव्हा चपलेऐवजी पायात बसणारे जुने कॅनव्हासचे बूट घालावेत. सनस्क्रीन निघण्यापूर्वी अर्धा तास लावावे आणि दोन तासांनी पुन्हा लावावे, नाक, कान आणि मान विसरू नये. पिशवीत टॉवेल, कोरडे कपडे, दोन बाटल्या पाणी आणि साधा डबा पुरतो. निघण्याच्या तास-दीड तास आधी पोहे किंवा पोळी-भाजी असे हलके खाणे द्यावे, तर्री त्या दिवसापुरती बाजूला ठेवावी. दमा, फिट्स, कानाचा त्रास किंवा कुठलीही ॲलर्जी असेल तर ती प्रशिक्षकांना लेखी कळवावी आणि औषध नाव लिहून सोबत द्यावे.

पहिल्या दिवशी आणि त्यानंतर

पोहोचवायला गेल्यावर पालकांनी काठावरून सूचना देऊ नयेत. मुलाला एकाच वेळी दोन आवाज ऐकू आले की ते प्रशिक्षकाचा आवाज सोडून आईबाबांकडे पाहते, आणि तेवढ्यात बूम फिरतो. घरी आल्यावर साबणाने अंघोळ घालावी, कान टॉवेलच्या टोकाने बाहेरून कोरडे करावेत, अंगावर खरचटले असेल तर जखम धुऊन औषध लावावे आणि ती भरेपर्यंत पाण्यात जाताना जलरोधक पट्टीने झाकावी. पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना मूल तलावाच्या पाण्यात उतरले होते हे आवर्जून सांगावे, कारण दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिससारख्या आजाराचे निदान त्या माहितीवर अवलंबून असते.

दुसऱ्या दिवशी मूल जायला नको म्हणाले तर आधी कारण विचारावे. हाताला दोराने फोड आले असतील तर हातमोजे मिळतात, जॅकेट काखेत घासत असेल तर माप बदलता येते, होडी उलटण्याची भीती बसली असेल तर एक दिवस प्रशिक्षकाबरोबर दोघांच्या होडीत बसवण्याची विनंती करता येते.