कडाक्याच्या थंडीत रात्री मडपपी कसे शोधायचे

बाकीचे बेडूक आणि सॅलॅमँडर (बेडकांचेच नातलग, दिसायला पालीसारखे) बहुतेक थंडी पडली की दडी मारतात, मडपपीचं मात्र उलटं असतं. हा पूर्णपणे पाण्यातच राहणारा उत्तर अमेरिकेतला सॅलॅमँडर, आयुष्यभर बाहेरचे कल्ले तसेच ठेवतो आणि पाणी बर्फाइतकं गार झालं तरी तळाशी फिरत असतो. त्याला खाणारे मोठे मासे तेव्हा सुस्तावलेले असतात, त्यामुळे याला मोकळं रान. कॅनडातल्या ओंटारियोत ऑक्सफर्ड मिल्स गावी केम्पटव्हिल क्रीक या ओढ्यावर बंधाऱ्याखाली हिवाळ्याच्या रात्री लोक खास हे बघायला जातात.

जागा बघताना बंधाऱ्याखालची बघा, वाहत्या पाण्यामुळे तिथे बर्फ धरत नाही. तळ दगडांचा हवा, चपट्या दगडांचा असेल तर उत्तमच, कारण दिवसा हा त्यांच्याखालीच असतो. अंधार पडल्यावरच जा. पाऊस पडून गढूळ झालं असेल तर सरळ घरी बसा, काही दिसणार नाही.

आता टॉर्च. नवखे लोक हेडलॅम्प लावतात आणि मग स्वतःच्याच श्वासाची वाफ डोळ्यासमोर चमकते, त्यात बर्फ पडत असेल तर विचारूच नका. हातातला टॉर्च कमरेखाली धरा, तिरका मारा, चकाकी कमी होते. थंडीत बॅटरी भसकन उतरते म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा.

बघायचं कसं? घाई करू नका, एका जागेवर दोन मिनिटं थांबून तळ नजरेने चाळा. पहिल्यांदा काडीच वाटते, तपकिरी, वीतभर किंवा त्याहून लांब, अंगावर गडद ठिपके, आणि मग ती काडी चालायला लागते! पोहत नाही, सावकाश एकेक पाय टाकत दगडावरून जाते. मानेच्या दोन्ही बाजूंना लालसर झुपके दिसले की समजा सापडला, पण गार पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो म्हणून कल्ले आखडलेले असतात, फोटोतल्यासारखे फुललेले बघायला मिळतीलच असं नाही. नीट दिसला तर मागच्या पायाची बोटं मोजा, चार असतात, बहुतेक सॅलॅमँडरना पाच.

हात लावू नका आणि दगड तर अजिबात उलटू नका, उलटला की त्याचं घर गेलं. मोजायला किंवा पकडायला परवानगी लागते का ते तिथले नियम बघून ठरवा, नुसतं बघायला काठ पुरतो. पाण्यात उतरायचंच असेल तर बूट आधी धुऊन, वाळवून, निर्जंतुक करून घ्या, बुरशीचे आजार एका ओढ्यातून दुसऱ्यात असेच जातात.

एकटं जाऊ नका. काठावरचा बर्फ वाहत्या पाण्याजवळ पातळ असतो, वरून कितीही पक्का दिसला तरी त्यावर पाय ठेवू नका. मोज्यांची एक जोडी गाडीत ठेवा, लागतेच.